पिठाबाईची कोरी चौकट

जरीपटका, नागपूर
४ सप्टेंबर २०२५

अंकुश,

जय भीम. फोन तू उचलत नाही. मेसेजवर निळ्या खुणा होतात अन् उत्तर काही येत नाही, म्हणून हे पत्र. तसंही आपल्याले पत्राचीच सवय आहे. तू मुंबईले चित्रकला शिकत होता तेव्हा मी पत्रातच तुले चौकटी लिहून पाठवायची. पहिली चौकट, पिठाची चक्की सुरू आहे. दुसरी चौकट, गुंड दारात. तिसरी चौकट, कोरी. अन् तू तशीच काढून पाठवायचा. ती कोरी चौकट पाहून कॉलेजातले पोट्टे तुले हसले होते, शाई संपली का म्हणून. नंतर तिच्यावरच लोकं खूश झाले.

आता तुझा सिनेमा येऊन राहिला. माझा नाही, तुझाच म्हणते. आपली चित्रकथा "पिठाबाई" सिनेमावाल्यांले देऊ नको म्हणून मी तुझ्या पाया पडायचीच बाकी होती. तू दिली. मी बोलली ते बोलली, तू बॅग उचलून गेला ते गेला. ते भांडण मी आज उकरत नाही.

काम दुसरंच आहे. इकडं भलताच गोंधळ होऊन राहिला. सिंधूताईंच्या नातवानं मोबाईलवर तुमची झलक दाखवली. पिठाचा ढग उडतो, त्यातून दोन डोळे दिसतात, अन् खाली लिहून येते, "एका खऱ्या बाईची गोष्ट". झालं. सिंधूताई महिला मंडळाच्या अध्यक्ष, त्याईले असं काही पाहिजेच असते. विहारात वर्षावासाचं वाचन संपल्यावर उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, "ही आपली प्रेमलताबाई आहे. आपण सगळ्याजणी रविवारी पाह्यले जाऊ." टाळ्या. टाळ्या ज्या बाईसाठी होत्या ती आपली आत्या मागच्या भिंतीले टेकून बसली होती. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. घरी आल्यावर मात्र पांढरी साडी काढून इस्त्रीले देली, म्हणजे मनातून जायचं आहे.

मुंबईचं पाणी पिऊन तू विसरला असशील म्हणून आठवण देते. आपल्या आत्यानं, आई-बाबा गेल्यावर, बाबाची चक्की चालवून आपल्याले वाढवलं. लग्न केलं नाही. अन् मे महिन्याच्या भर दुपारी, चक्कीवर एकबी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, रुपराव गुंड तिच्या चक्कीत शिरला. शटर खाली आलं. आत चक्की सुरू होती, म्हणून कोणाले काही ऐकू आलं नाही. शटर वर गेलं तेव्हा आत्या एकटी बाहेर आली, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी, अन् म्हणाली, "गेला. येत नाही आता." रुपराव परत दिसला नाही. तिनं त्याले चक्कीच्या पट्ट्यानं फोडून मागच्या दारानं हाकलला, हे बस्तीतलं लहान लेकरू सांगते. यावरूनच तर आपली पिठाबाई झाली. शटरच्या आत काय झालं ते आपल्याले माईत नव्हतं, म्हणून मी तिथं कोरी चौकट लिहिली.

मंडळानं माझ्या छपाईच्या दुकानात फ्लेक्स टाकायले सांगितला. मीच डिझाइन केला. डाव्या बाजूनं सिनेमाचं पोस्टर, उजव्या बाजूनं आत्याचा पासपोर्ट फोटो मोठा करून, खाली "खऱ्या पिठाबाई, आमच्या प्रेमलताबाई यांचे हार्दिक अभिनंदन". काल चौकात लागला. आत्या दूध आणायले गेली की त्याच्या खालून मान खाली घालून जाते, पण जाते त्याच रस्त्यानं.

म्हणून विचारते. त्या सिनेमात आत्यानं पाहू नये असं काही आहे का गा? असंन तर आत्ताच सांग. मी काहीतरी बहाणा करून रविवार टाळते. एवढं तरी उत्तर दे.

मेघा


१५ सप्टेंबर

अंकुश,

उत्तर आलं नाही. पाह्यला तुझा सिनेमा. काय लिहू ते समजून नाही राहिलं. सुरुवातीपासून सांगते, लिहिता लिहिता समजलं तर समजलं.

सगळ्याजणी पांढऱ्या साड्या नेसून निघाल्या. मॅटाडोर केली होती. पोट्टेबी घेतले होते सोबत, आपल्या बाईचा सिनेमा म्हणून. दारातला पोरगा म्हणे, लहान पोरं चालत नाहीत, मोठ्यांचा सिनेमा आहे. मले तेव्हाच कळायले पाहिजे होतं. सिंधूताईंनी आधार कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. "मी तरी चालते का पाह्य बावा." तो बिचारा हसून बाजूले झाला. लेकरं रडत रडत परत गेली. सिंधूताईंच्या सुनेनं त्याईले नेलं, तिचं नशीब चांगलं.

सुरुवात चांगली होती, खोटं काहून बोलू. चक्कीचा आवाज हुबेहूब. पट्टा सुटल्यावर येतो तो फटकासुद्धा. आत्या हळूच म्हणाली, "दगडाले टाकी लावायची झाली आहे यांच्या, बोथट झाला." म्हणजे आवाजावरून तिले चक्कीची तब्येत समजली. पिठाबाई झालेल्या त्या पोरीनं पहिल्यांदा तोंडाले पीठ फासलं तेव्हा आपल्या बाया उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. माह्याबी डोळ्यांत पाणी आलं. ती चौकट मी लिहिली होती, अंकुश.

मग शटर खाली आलं. मी वाट पाहत होती की आता पडदा पांढरा होईन. मले वाटलं, एवढं तरी ठेवलं असंन तू.

तिथं काय केलं तुम्ही? पिठाबाई अन् तो गुंड. गव्हाच्या पोत्यांवर. पहिले मले वाटलं तिचा डाव आहे, आता पट्टा काढते. नाही. कॅमेरा काही सरकत नाही. पाठी, हात, पिठात उमटलेली बोटं. आपल्या रांगेतल्या सगळ्या पांढऱ्या पदरांचे तोंडावर बोळे. मागून शिट्ट्या. एकजण म्हणाली, "मेघा वं, हे काय दाखवून राहिले," जशी काही मीच दाखवून राहिली.

अन् ते संपते न संपते तोच तिनं विळा काढला. रक्त. पांढऱ्या पिठावर लाल, हळूहळू, थेंब थेंब. तो मरत नाही, ती थांबत नाही. एक हात तर चक्कीच्या तोंडाशी. अन् काय सांगू, तोंडावरचे पदर खाली आले. बाया पाहू लागल्या. सिंधूताई म्हणाल्या, "असंच पाहिजे मेल्याले." टाळ्या वाजल्या. मघाशी ज्याईले लाज वाटत होती, त्याच.

मी विचारात पडली. कागदावर वाचणाऱ्यानं एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर उडी मारायची असते. मधात काय झालं ते ज्याचं त्यानं, जेवढं झेपते तेवढं पाह्यचं. म्हणून आपलं पुस्तक शाळेतल्या पोट्ट्यांनीबी वाचलं अन् आजोबांनीबी वाचलं. तुमच्या सिनेमानं उडी ठेवलीच नाही. सगळं भरून टाकलं. पण मले राग यायले पाहिजे होता तेवढा आला नाही, अन् याचाच राग येऊन राहिला. मी डोळे मिटले नाहीत. दोन्ही वेळेस. ते पाहणं मले आवडलं का? माईत नाही.

आणखी एक. आत्या माझ्या बाजूले होती. पोत्यांवरचं सुरू झालं तेव्हा मी तिच्याकडं पाहू शकली नाही. मग चोरून पाह्यलं. ती सरळ पाहून राहिली होती, चष्मा नाकावर, हात मांडीवर. विळा निघाला तेव्हा तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, अन् सिनेमा संपेपर्यंत हातातच ठेवला. चष्म्याशिवाय तिले पाच फुटांवरचं माणूस दिसत नाही. मी म्हटलं, म्हातारी घाबरली.



तुले एकच विचारते. हे तू लिहिलं का? आपल्या आत्यावर?

मेघा


१८ सप्टेंबर

अंकुश,

फ्लेक्स अजून चौकात आहे अन् तोच आता गळ्याशी आला.

फ्लेक्सवर मीच लिहिलं ना, "खऱ्या पिठाबाई". आता पोट्टे सिनेमा पाहून येतात, पानठेल्यावर उभे राहतात अन् फ्लेक्सकडं पाहून हसतात. काल एकानं आत्याच्या फोटोले मोबाईल लावून फोटो काढला. दुसरा म्हणे, "काकूनं तर पोते फाडले असतील." मी दुकानातून ऐकलं. बाहेर जाऊन त्याची गचांडी धरणार होती, पण मग सारी बस्ती जमा झाली असती. परत आत आली अन् एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या बापाचं नाव चुकवलं.

मी आत्याले म्हटलं, फ्लेक्स काढून टाकते. ती गहू निवडत होती. म्हणाली, "राहू दे. लागला तर लागला." म्हटलं, लोकं काय काय बोलून राहिले. म्हणाली, "लोकं आधी काय बोलत होते?" मी म्हटलं, आधी तर तुझं नाव घेऊन भांडणं मिटायची. ती सूप झटकून उठली.

सिंधूताई मात्र पेटल्या आहेत. त्यांचं म्हणणं, आपल्या बाईची बदनामी झाली. मोर्चा काढायचा, टॉकीजसमोर पोस्टर जाळायचं, जिल्हाधिकाऱ्यांले निवेदन द्यायचं की ते घाण दृश्य कापा. निवेदन कोणी टाइप करायचं? मीच. बसून केलं. "सदर चित्रपटात आमच्या आदरणीय प्रेमलताबाई यांचे गुंडाशी अनैतिक संबंध दाखवून त्यांच्या चारित्र्याचे हनन करण्यात आले आहे." खाली पहिली सही आत्याची पाहिजे. रविवारी विहारात बैठक आहे.

खाली आणखी एक ओळ आहे, सिंधूताईंनी सांगितलेली. "कथेचे लेखक अंकुश यांना बस्तीतील कोणत्याही कार्यक्रमास बोलावण्यात येऊ नये." ती ओळ मी दोनदा खोडली. पण टाइप केली. तू उत्तर देत नाही तर मी तुझ्या बाजूनं काय बोलू? आत्यानं सही केली की तुले या घरचं दार बंद. दीक्षाभूमीवर आपला पुस्तकांचा स्टॉल असते दरवर्षी, तिथंबी तू उभा राहू शकणार नाही. अन् नाही केली तर बस्ती म्हणणार, म्हणजे खरंच होतं काही. बाई दोन्हीकडून मेली.

मले समजत नाही ती सही करन का नाही.

मेघा


२२ सप्टेंबर

अंकुश,

बस. हे पत्र नीट बसून वाच. उभ्या उभ्या वाचू नको.

काल विहारात बैठक झाली. वंदना झाली, पंचशील झालं, सगळ्याजणी हात जोडून. मग सिंधूताईंनी निवेदन मोठ्यानं वाचलं अन् कागद आत्यासमोर ठेवला, पेन उघडून. आत्यानं कागद जवळ घेतला, चष्मा वर केला, पुरा वाचला. मग म्हणाली, "यात कापाकापीचं काहून नाही लिहिलं?"

सिंधूताई गडबडल्या. "त्याचं काय लिहायचं बाई? ते तर..."

"ते तर काय?"

"ते तर तुम्ही केलंच होतं ना. म्हणजे, एवढं नसंन केलं."

आत्या म्हणाली, "सिंधूताई, आत्ता आपण पहिलं शील कोणतं म्हटलं?"

"प्राणिहिंसा करणार नाही."

"मग त्या पोरीनं माह्या नावानं माणूस कापला तेव्हा तुम्ही टाळ्या काहून वाजवल्या?"

सिंधूताईंचा चेहरा लाल झाला. "तो रुपराव होता बाई. माह्या मालकाचा गुडघा फोडला त्यानं लोखंडी रॉडनं. तो माणूस मरेपर्यंत लंगडत चालला. वाजवल्या टाळ्या, आणखी वाजवीन."

"फोडला. मी नाही म्हणत नाही. मी तुमच्या मालकाले पाहायले दवाखान्यात आली होती, आठवते का? तुम्हाले वाटलं शेजारधर्म आहे." आत्यानं कागद बाजूले सारला. "पण मी रुपरावले मारायले बोटसुद्धा लावलं नाही. एवढी वर्षं तुम्ही म्हणत राहिल्या, मी गप्प राहिली. सही पाहिजे तर हेच लिहा, देते."

सिंधूताईंनी कागदाकडं पाह्यलं, मग आत्याकडं. हळूच विचारलं, "अन् ते दुसरं? ते तर खोटं आहे ना?"

आत्यानं पेनाचं टोपण लावलं. "चौथं शीलबी आत्ताच म्हटलं वं आपण."

अंकुश, खोटं बोलणार नाही हे चौथं शील. हे समजायले त्या बायाईले क्षण लागला. मग कोणी चपला शोधू लागली, कोणी सतरंजी गुंडाळू लागली. सिंधूताई तशाच उभ्या. आत्या माझ्या खांद्याले धरून उठली अन् आम्ही घरी आलो.

घरी मी तिले चहा करून देला. विचारायची हिंमत नव्हती. तिनंच सुरू केलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

रुपराव तिच्याकडं येत होता. दळणाच्या नावानं. डबा घेऊन रांगेत उभा राहायचा, एवढा मोठा गुंड, अन् पाळी येईपर्यंत मुकाट्यानं. "माह्यासमोर आवाज नाही काढला त्यानं कधी. बाहेर राक्षस होता, मले माईत होतं. मी त्याले सांगायची, हे सोड. सोडतो म्हणायचा, सोडत नव्हता. मग त्यानं सिंधूच्या मालकाले फोडलं. त्या दिवशी मी ठरवलं, याले आता हाकलायचं."

त्या मे महिन्याच्या दुपारी तो आला तेव्हा चौकात बस्तीतली माणसं काठ्या घेऊन जमा होऊन राहिली होती. त्याले तिथंच संपवणार होते. आत्यानं शटर पाडलं. बोललेलं बाहेर जाऊ नये म्हणून रिकामी चक्की चालू केली. ती म्हणे, रिकामी चक्की चालवली तर दगड खराब होते, माह्या जन्मात मी तेवढी एकदाच चालवली. मग तिनं पिठाच्या पेटीत हात घातले अन् त्याले फासलं. तोंडाले, केसाले, मिशांले. डोक्यावर कोंड्याचं पोतं देलं अन् मागच्या दारानं काढलं. "हमालाच्या तोंडाकडं कोण पाहते? पांढरा हमाल काठीवाल्यांच्या मधातून गेला अन् एकानं तर त्याले रस्ता करून देला."

म्हणजे पीठ तिनं स्वतःले नाही लावलं गा. त्याले लावलं होतं. आपण पुस्तकात ते उलटं काढलं.

मी विचारलं, मग तू पांढरी कशानं झाली होती?

ती हसली. आत्याले असं हसताना मी पाह्यलं नाही. "जाताना त्यानं मले धरलं होतं. हे मात्र एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नाही. तुम्ही दोघांनी एवढं मोठं पुस्तक काढलं, तुम्हीबी नाही विचारलं."

मी म्हटलं, तू लोकाईले तेव्हाच काहून नाही सांगितलं? म्हणाली, "मी म्हटलं गेला. त्याईनं ऐकलं मारला. मग पाह्यलं की चक्कीसमोरून जाताना माणसं आवाज खाली करतात. एकटी बाई, दोन लेकरं. त्या न मारलेल्या मारानं तुम्हाले शिकवलं, बाई. तो समज मी कायले मोडू?"

रुपरावची काही खबर आली का, विचारलं. "नाही. जिवंत आहे का मेला, माईत नाही. मागच्या रविवारी पडद्यावर पाह्यला. तो नव्हता, पण हात तसाच ठेवत होता खांद्यावर. म्हणून पाह्यलं. मग कापू लागले, तर चष्मा काढला. ते कायले पाहू? तो तर चालत गेला होता माह्यासमोरून, पोतं घेऊन."

आता मले सांग, मी तुझ्यावर रागावू कशासाठी? सिनेमानं खोटं दाखवलं म्हणून, का खरं दाखवलं म्हणून? ज्याच्यासाठी बस्ती मोर्चा काढणार होती ते खरं निघालं, अन् ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या ते खोटं. अन् आपल्या कोऱ्या चौकटीचा मले लय अभिमान होता. आत्याच्या आयुष्यातलं एकुलतं एक सुख होतं त्या चौकटीत, अन् आपण तिथं काही काढलंच नाही. बरं झालं का वाईट झालं? कालपासून एकच विचार, डोकं दुखून राहिलं.

अन् आत्याले एकच जाणून घ्यायचं आहे. म्हणे, "अंकुशले हे कोणी सांगितलं?" तिले वाटते रुपराव कुठंतरी तुले भेटला. हे विचारताना तिचा आवाज असा होता की मी खिडकीबाहेर पाहू लागली. खोटी आशा लावू नको. जे असंन ते लिही.

मेघा


२८ सप्टेंबर

अंकुश,

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी, पण मिळाली. आत्याले वाचून दाखवली. तिचाच प्रश्न होता, म्हणून दोनदा वाचली.

"मले कोणी सांगितलं नाही. तो प्रसंग मी लिहिला नाही, कंपनीच्या माणसानं टाकला, म्हणे मध्यंतरानंतर असं काही नसलं तर लोकं उठून जातात. आत्याची बदनामी होईल म्हणून मी तो काढायले खूप भांडलो, हरलो, म्हणून तुझा फोन घ्यायचं तोंड नव्हतं. रक्ताचा प्रसंग काढायले मात्र मी भांडलो नाही."

शेवटच्या ओळीवर आत्या थांब म्हणाली. मग म्हणाली, "तोबी सिंधूसारखाच." रागानं नाही. रुपराव भेटला नाही हे तिले पहिल्याच ओळीत समजलं होतं. उठून चक्कीचा पट्टा ताणून पाह्यला, तो ढिला नव्हता. मग बराच वेळ पिठाच्या पेटीजवळ उभी राहिली.

बस्तीचं विचारशील. दळण कमी झालं. विहारात आत्या जाते, मागच्या भिंतीले बसते, बाजूची जागा रिकामी राहते. निवेदन गेलं नाही, मोर्चा निघाला नाही. सिंधूताई आठवडाभर घरासमोरून गेल्या नाहीत, लांबच्या रस्त्यानं जात होत्या. काल आल्या. गव्हाचा डबा ओट्यावर ठेवला. आत्यानं विचारलं, "जाड का बारीक?" त्या म्हणाल्या, "नेहमीसारखं." डबा उचलताना सिंधूताई म्हणाल्या, "माह्या मालकाले रोज रात्री पाय चेपून द्यायची मी." आत्या म्हणाली, "माईत आहे वं." एवढंच. माफ केलं का नाही, मले काही समजलं नाही. त्या परत येतील का, तेबी माईत नाही.

आता फ्लेक्सचं. चौकातल्या मंडळाचे पोरं दुकानात आले. म्हणे ताई, तो उतरवा, नाही तर आम्ही उतरवतो, तमाशा होऊन राहिला. मी म्हटलं उतरवते. घरी आत्याले सांगितलं. ती पदर खोचून माझ्यासोबत दुकानात आली. पहिल्यांदा आली दुकानात. कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसली अन् म्हणाली, दाखव.

मी फाइल उघडली. पोस्टरवरची ती पोरगी, पिठानं पांढरी, हातात विळा, विळ्याले अन् गालाले रक्त. बाजूले आत्याचा पासपोर्ट फोटो. खाली तेच, "खऱ्या पिठाबाई". आत्यानं बराच वेळ पाह्यलं. मी विचारलं, नाव काढून टाकू का? फोटो काढू? का सगळाच रद्द करू? लोकं आता हसतील ना वं.

ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "रक्त तेवढं पुसून टाक. विळाबी. बाकी राहू दे."

मी पुसलं. विळा निघाल्यावर त्या पोरीचा हात रिकामाच वर राहिला, कोणाच्या गालाले लावायले जावा तसा. आत्या म्हणाली, बरोबर आहे.

नवीन फ्लेक्स उद्या सकाळी लागते. धम्मचक्र प्रवर्तन दिन दोन तारखेले आहे, स्टॉल मी एकटीच लावून राहिली. आत्यानं सांगितलं आहे, त्याले म्हणावं ये. येताना कागद घेऊन ये, ती चौकट आपल्याले पुन्हा करायची आहे, अन् या वेळेस आत्याच सांगन काय काढायचं ते. स्टेशनवरून ऑटो केला की फ्लेक्स चौकातच दिसन तुले.

मेघा